शाळेमागची मेंढरं

परदेशातली मॅडम आपल्या तळावर येणार म्हटल्यावर रायभाननं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर मेंढरं धुतली. अख्खा कळप कॅनॉलवर नेला आणि एकेक मेंढी पाण्यात उतरवून पाठीपोटाला चोळून काढली. माघाची थंडी होती, मेंढरं ओरडत होती आणि रायभान त्यांची समजूत घालत होता. पेडगावच्या ज्या माणिकरावांच्या रानात यंदा त्याचा तळ पडला होता, ते बांधावर उभे राहून हसत होते.

"रायभान, मॅडम लेक बगायला यायलीय का मेंढरं?"

"दोनी बगल की, मालक. मेंढरं काय परकी हाईत का? लेक ह्यांच्याच जिवावर शिकली."

ती लेक, दैवशाला, काठावर उभी राहून हे ऐकत होती. ती सकाळच्या गाडीनं उतरली होती आणि मॅडम उद्या येणार होत्या. मधल्या एवढ्या वेळात तिला बापाला एक गोष्ट सांगायची होती. ती गोष्ट ओठांपर्यंत यायची आणि तिथूनच माघारी फिरायची.

मॅडम म्हणजे हेलेना. युरोपातल्या एका थंड देशात सरकारला सल्ला देणारी एक संस्था आहे. सरकारची धोरणं कुणापर्यंत पोचतात, कुणापर्यंत पोचत नाहीत आणि का पोचत नाहीत, हे शोधून मांडायचं, असं तिचं काम. दैवशाला तिथं वर्षभर संशोधन प्रशिक्षणार्थी होती. प्रशिक्षणार्थी म्हणजे ढीगभर अहवाल वाचायचे, तक्ते करायचे, मोठ्यांच्या टिपणांतल्या तळटिपा तपासायच्या आणि परिसंवाद असला की खुर्च्याही मांडायच्या. तिचा विषय होता फिरत्या कुटुंबांतल्या मुलींचं शिक्षण. हेलेना त्या विभागाची प्रमुख. वर्ष आता संपत आलं होतं. ही पाहणी उरकली की हेलेना ठरवणार होती, दैवशालाला संशोधक म्हणून कायम ठेवून घ्यायचं की छानसं प्रमाणपत्र देऊन निरोप द्यायचा. दैवशालाचा जीव त्या निर्णयात अडकला होता. पुण्यात एम. ए. करताना ज्या नोकरीचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं, ती आता हाताच्या अंतरावर होती.

घोडं अडलं होतं ते तिनंच उभं केलेल्या एका खोट्यापाशी.

झालं होतं असं. प्रशिक्षणासाठीची मुलाखत पडद्यावर झाली. पुण्यात मैत्रिणीच्या खोलीत, पाठीमागच्या भिंतीवर चादर लावून दैवशाला बसली होती. हेलेनानं विचारलं, "तुमच्या समाजातल्या मुली इथपर्यंत क्वचितच येतात. तुझ्या वाटेत कोण आडवं आलं?"

खरं उत्तर सोपं होतं. कुणी नाही. उलट बापानं वाट करून दिली. पण हे खरं उत्तर तिनं याआधी दोन संस्थांना देऊन पाहिलं होतं आणि दोन्हीकडून गोड शब्दांत नकार आला होता. विद्यापीठातल्या एका जाणत्या ताईनं तेव्हा तिला समजावलं होतं, "अगं, तुझ्या गोष्टीत अडचणच नाही. बाप एवढा चांगला असेल तर त्या लोकांनी धोरण कशावर लिहायचं?" तर अशा गोष्टीला एक दुष्ट माणूस लागतो. दैवशालानं तो बाहेर शोधायची तसदी घेतली नाही, घरातलाच घेतला.

"माझे वडील," ती म्हणाली.

एकदा म्हटल्यावर पुढचंही सांगावं लागलं. त्यांनी माझी शाळा बंद केली. मला मेंढरांमागं लावलं. माझी पुस्तकं चुलीत घातली. पडद्यावरचे चेहरे हळहळले. हेलेनानं चष्मा काढून डोळे पुसले आणि दैवशालाची निवड झाली.

आता रायभाननं खरं काय केलं होतं तेही सांगून टाकू, कारण त्या भागात ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दिवाळी झाली की मेंढपाळ बिऱ्हाड घोड्यावर लादून निघतात. गोदावरी ओलांडून पार तेलंगणापर्यंत जातात आणि पाऊस लागला की परततात. लेकरंही सोबत जातात, मग शाळा कसली आणि काय कसलं. दैवशाला बोरीच्या शाळेत पाचवीत असताना गुरुजींनी रायभानला बोलावून सांगितलं, पोरगी हुशार आहे, हिला फिरवू नको. रायभाननं विचार केला आणि त्या दिवाळीला तो निघालाच नाही. भाऊबंद गेले, हा बोरीच्या शिवारातच एका रानातून दुसऱ्या रानात खतासाठी मेंढरं बसवत राहिला. शाळेची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरातच त्याची वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लागायची. चारा कमी पडायचा, मेंढ्या हडकायच्या, उन्हाळ्यात कोकरं मरायची. भाऊबंद धष्टपुष्ट कळप घेऊन परतले की विचारायचे, "रायभान, मेंढरायला शाळेत घातलं का काय?" तो म्हणायचा, "व्हय, औंदा बी पास झाली."

पुढं ती परभणीला कॉलेजात गेली तेव्हा कळप पेडगावला सरकला. रोज संध्याकाळी ती तळावर यायची. पुण्याला मेंढरं नेता आली असती तर या माणसानं तीही नेली असती.

आणि असल्या माणसाला दैवशालानं पुस्तकं जाळणारा करून टाकला होता. बरं, तेवढ्यावर थांबावं, तर तेही नाही. संस्थेत ती गोष्ट वाढत गेली. हेलेना भाषणाची सुरुवात त्या गोष्टीनंच करायची. कॉफी पिताना कुणीतरी येऊन दैवशालाच्या खांद्यावर हात ठेवायचं. कुणी असा सारखा हात ठेवायला लागलं की आपण खरंच काहीतरी सोसलंय असं वाटायला लागतं. तिलाही वाटायला लागलं होतं. एकदा तर ती गोष्ट सांगताना तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. त्या दिवशी घरी फोन लावायची तिची हिंमत झाली नाही.

हेलेना पेडगावला येते म्हणाली तेव्हाही ती फारशी घाबरली नव्हती. दुभाषी मीच असणार, आप्पा मराठीत काही का बोलेनात, इंग्रजीत मी सांभाळून घेईन, असा तिचा हिशेब होता. पण परवाच हेलेनाचा निरोप आला. आपल्याच कुटुंबाच्या मुलाखतीत आपणच भाषांतर करायचं नसतं, संस्थेचा तसा नियम आहे, म्हणून छत्रपती संभाजीनगरहून राजनंदिनी नावाची दुभाषी मुलगी घेतली आहे. हा नियम ज्या पुस्तिकेत होता, तिच्या तळटिपा दैवशालानंच तपासल्या होत्या.

दिवेलागणीला तीन दगडांच्या चुलीपुढं तिची आई, केवळाबाई, भाकरी थापत होती. रायभान समोर उकिडवा बसून उद्याची तयारी करत होता. तयारी म्हणजे बोलण्याची.

"म्या बोरीपासून सुरू करणार हाय," तो म्हणाला. "गुरुजी म्हणले, पोरीला फिरवू नको. मंग म्या मेंढरंच फिरवली, शाळेभवती. मॅडमला हसू येईल बग."

"सकाळपासून ह्येच चालू हाय ह्यांचं," केवळाबाई म्हणाली. "मेंढरांम्होरं बी बोलून दाखवलं."

"मेंढरायनी माना हलवल्या," रायभान म्हणाला.

दैवशाला खाली बघत म्हणाली, "आप्पा, ते नका सांगू."

"कोन्तं?"

"शाळेमागं मेंढरं फिरवल्याचं."

"कामून?"

खरं बोलायची वेळ असेल तर ती हीच होती. तिघंच होते, चूल पेटलेली होती, बापाच्या तोंडावर नुसती उत्सुकता होती. फार तर तो उठून निघून गेला असता, फार तर आईनं दोन शिव्या घातल्या असत्या. पण दैवशालाची जीभ रेटेना.

"तिकडच्या लोकांना ते कळायचं नाही," ती म्हणाली. "त्यांना वाटेल, उगाच बढाई मारतायत. तुमी मोजकं बोला. विचारतील त्याला हो म्हणा."

रायभानचा चेहरा जरासा उतरला. एवढी घोकलेली गोष्ट पोटातच ठेवायची म्हणजे काय. पण लेक शिकलेली, परदेश पाहून आलेली. त्यानं हनुवटी खाजवली.

"बरं," तो म्हणाला. "तुला जास्त कळतंय. हो म्हणतो."

आणि दैवशालाला, लाज वाटायच्या ऐवजी, हायसं वाटलं. लाज तिला नंतर वाटली, आणि ती काही थोडीथोडकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पांढरी गाडी आली. माणिकरावांनी रानात सतरंजी टाकली होती, घरच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि परभणीहून फेटे आणले होते. पाहुणा आला आणि त्याला फेटा बांधला नाही, हे माणिकरावांना चालणारं नव्हतं. हेलेनाला बांधला, राजनंदिनीला बांधला, आणि मग त्यांनी रायभानलाही पुढं ओढलं. "तू मुलीचा बाप हाईस, तुझा मान पैला," असं म्हणून त्याच्या डोक्यावरचं जुनं मुंडासं काढून स्वतःच्या हातानं नवा गुलाबी फेटा चढवला. रायभान नवरदेवासारखा लाजला. गावातली दहावीस माणसं भोवती उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हेलेना उंच, पिकल्या केसांची, सावकाश बोलणारी बाई होती. ती खुर्ची सोडून सतरंजीवर बसली, त्यामुळं माणिकरावांनाही खुर्ची सोडावी लागली. सुरुवातीचे प्रश्न मेंढरांचे होते. लोकर कोण घेतं, रानात मेंढरं बसवल्यावर शेतकरी काय देतो, आजारी पडली तर डॉक्टर येतो का. राजनंदिनी नीटनेटकं भाषांतर करत होती. रायभान खुलला. दैवशाला आईशेजारी बसून एकेक प्रश्न मागं पडताना पाहत होती. मेंढरांवरच वेळ सरावा म्हणून ती मनातल्या मनात देवाला हात जोडत होती. मग हेलेनानं चष्मा नीट केला आणि हळू आवाजात काहीतरी लांबलचक विचारलं. दैवशालाला ते इंग्रजीतच कळलं.

राजनंदिनी रायभानकडं वळली. "काका, मॅडम म्हणतात, राग मानू नका. दैवशालाताईंनी तिकडं सांगितलंय की तुम्ही त्यांची शाळा बंद केली होती, त्यांची पुस्तकं चुलीत घातली होती. आज त्या एवढ्या पुढं गेल्या. आता मागं वळून बघताना तुम्हाला काय वाटतं?"

रायभान हसला. त्याला वाटलं, पोरगी घर चुकली.

"बाई, तुमी दुसऱ्या कुनाची गोष्ट..." तो म्हणाला आणि सहज त्यानं दैवशालाकडं पाहिलं.

ती मान खाली घालून बसली होती. मेंढरू दुखण्यात आहे हे मानेवरून ओळखणारा माणूस तो. त्याला आणखी काही विचारावं लागलं नाही. कालचं 'ते नका सांगू' आणि 'हो म्हणा' त्याच्या ध्यानात येत गेलं, तसतसं त्याच्या तोंडावरचं हसू विरत गेलं. केवळाबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं हातानंच तिला थांबवलं.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच केलं."

"ये रायभान!" माणिकराव सतरंजीवरून उठलेच. "काय बोलायलास? शुद्धीवर हाईस का? बाई, ह्यो खोटं बोलायलाय. लिवून घेऊ नगा ते. ह्या माणसानं लेकीपायी..."

"मालक," रायभान त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "तुमी मधी बोलू नगा. आमच्या चुलीपाशी काय झालं ते तुमाला काय ठावं?"

इतक्या वर्षांत तो माणिकरावांशी कधी असा बोलला नव्हता. माणिकराव आ वासून उभे राहिले. मग त्यांनी दैवशालाकडं पाहिलं, भोवतीच्या माणसांनीही पाहिलं. ती सगळी माणसं तिला दप्तर पाठीला लावून बांधावरून येताना बघत आलेली होती.

राजनंदिनीनं माणिकरावांचं म्हणणं अडखळत हेलेनाला सांगितलं. हेलेनानं समजुतीनं मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ दैवशालाला ठाऊक होता. गावातले पुरुष एकमेकांवर पांघरूण घालतात, पाहणी करताना हे गृहीत धरावं, असं एक टिपण संस्थेत होतं.

रायभाननं दोन्ही हातांनी डोक्यावरचा गुलाबी फेटा उचलला आणि हेलेनाच्या पायांपाशी सतरंजीवर ठेवला. पंचायतीत गुन्हा कबूल करणारा माणूस ठेवतो तसा.

"चुकी झाली, मॅडम. अडाणी माणूस, अक्कल न्हवती. माफी असावी. लेकीला त्याची सजा नगा देऊ."

हेलेनाचे डोळे भरून आले. तिनं तो फेटा उचलला आणि कसाबसा, तिरपा, परत त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याचे खरबरीत हात आपल्या हातांत घेऊन ती बराच वेळ बोलली.

"मॅडम म्हणतात, एवढ्या लोकांसमोर चूक कबूल करायला मोठं मन लागतं," राजनंदिनी म्हणाली. "मॅडम म्हणतात, त्यांच्या बाजूनं तुम्हाला माफी आहे."

माफी! रायभानला! दैवशालाला उठून उभं राहायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं आणि तिला तर दोन्ही भाषा येत होत्या. ती उठली नाही. आपण भेकड आहोत हे तिला आजवर नुसतं वाटत होतं, आता ते बसल्या जागी कळलं. तिला बापाच्या डोक्यावरचा तो तिरपा फेटा बघवेना.

शेवटी हेलेनानं मोबाईल समोर धरला. इतर मेंढपाळ बापांना तुम्ही काय सांगाल, असा प्रश्न होता. रायभाननं क्षणभर विचार केला. मग समोर बघत म्हणाला, "लेकरायला शिकवा. लेकीला तर शिकवाच. माझ्यासारखं करू नगा."

पाहुणी निघायची म्हणून ओटी भरायची होती. नारळ काढायला केवळाबाई बिऱ्हाडाच्या बोचक्यापाशी गेली, तशी दैवशालाही मागोमाग गेली. केवळाबाईनं खणाची घडी उलगडली, परत घातली. लेकीकडं न बघता ती म्हणाली,

"पुस्तकं चुलीत घातली म्हनं. चूल तर मपली हाय. मग पेटवली कुनी ती, म्या?"

आईनं नारळ उचलला, पदर नीट केला आणि जाऊन हेलेनाची ओटी भरली. हळदीकुंकू लावताना तिनं डोळे वर उचलले नाहीत. हेलेनाला वाटलं, भारावून गेली.

गाडीत सामान चढत असताना दैवशाला बापाला शोधत वाघरीपलीकडं गेली. तो एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. काटा निघाल्यावर त्यानं मेंढी सोडून दिली.

"झालं का तुजं काम?" त्यानं विचारलं.

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. परीक्षेहून आल्यावर पेपर कसा गेला म्हणून विचारायचा, तसंच त्यानं विचारलं होतं. दैवशाला रडायला लागली.

"आप्पा, मी आत्ता जाऊन सगळं खरं सांगते."

"आता नगं," तो म्हणाला. "आता सांगितलंस तर म्या खोटा पडंन. एवढ्या लोकायम्होरं फेटा उतरवलाय म्या." मग त्यानं विचारलं, "पर कामून सांगितलं गं तसं?"

"त्यांना... वाटेत कुणीतरी आडवं आलेलं पाहिजे होतं."

रायभाननं त्यावर खरोखर विचार केला. काही तोडगा निघतो का, असा.

"मंग दुष्काळ आडवा आला म्हनायचं न्हाई का," तो म्हणाला. "दुष्काळ तर आल्ताच की."

तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो दोन पावलं मागं सरकला. पाया पडू दिलं नाही असं नव्हे, पण सरकला खरा. मग त्याच्याच ते लक्षात आलं आणि तो म्हणाला, "जा. गाडी थांबलीय. मॅडम वाट बगायली."

परभणीच्या रस्त्याला लागेपर्यंत दैवशालानं दम धरला. मग बापानं बजावलेलं असूनही तिला राहवलं नाही. राजनंदिनी पुढं चालकाशेजारी होती, हेलेना मागं, दैवशालाशेजारी. दैवशालानं इंग्रजीत सगळं सांगितलं. मुलाखतीत मी खोटं बोलले. वडिलांनी माझी शाळा कधी बंद केली नाही. पुस्तकं कुणी जाळली नाहीत. माझ्या शाळेसाठी त्यांनी अख्खा कळप फिरायचा थांबवला. आज ते बोलले ते मला वाचवायला. आता नोकरी जाणार हे तिला दिसत होतं आणि कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं.

हेलेनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं दैवशालाच्या हातावर हात ठेवला.

"मला अपेक्षा होतीच," ती म्हणाली. "ज्यानं अन्याय केला त्यानं माफी मागितली की जिच्यावर झाला तिलाच अपराधी वाटायला लागतं. मग ती त्याची बाजू घेते. यावर आपल्याकडं चांगला अभ्यास आहे, तुला पाठवते."

"नाही, मी खरं सांगतेय. राजनंदिनीला विचारा, ते माणिकराव काय म्हणत होते..."

"ते मी ऐकलं. पण स्वतः तुझे वडीलच कबूल करतायत, दैवशाला. तेही सगळ्या गावासमोर." हेलेनानं तिच्या हातावर थोपटलं. "त्यांच्याकडून शिक. खरं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल."

दैवशालानं पुढच्या आरशात पाहिलं. राजनंदिनी आरशातून तिच्याकडंच बघत होती. तिला सगळं कळलं होतं, कारण ती माणिकरावांचं मराठी ऐकून आली होती. नजरानजर होताच तिनं मान वळवली आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. तिच्याशी दिवसभर भाषांतर करायचं ठरलं होतं, साक्ष द्यायचं नव्हे.

"आणि एक," हेलेना म्हणाली, "हॉटेलवर पोचल्यावर सांगणार होते, पण आत्ताच सांगते. तू आमच्याकडं राहतेस. मी ठरवलंय."

ज्या वाक्यासाठी एवढं केलं ते वाक्य असं आलं. दैवशालानं आभार मानले. ते तोंडातून आपोआप बाहेर पडले, वर्षभरात तेवढी सवय लागली होती. हेलेनानं मोबाईल काढून काहीतरी केलं आणि दैवशालाच्या मोबाईलवर घंटी वाजली.

"तुझ्या वडिलांचं शेवटचं बोलणं पाठवलंय. आता मुलाखत संपली, त्यामुळं नियमाची अडचण नाही. त्याखाली इंग्रजी ओळी घालून दे. संध्याकाळपर्यंत मला सगळ्या कार्यालयांना पाठवायचंय. पहिलं काम समज."

दैवशालानं ते उघडलं. तिरप्या फेट्यातला बाप पडद्यावर आला. मागं धुतलेली पांढरी मेंढरं होती. तो बोलला, ती ऐकत गेली आणि गाडीच्या हिसक्यांत एकेक ओळ लिहीत गेली. शेवटच्या वाक्यापाशी तिनं ते थांबवलं, मागं नेलं, परत ऐकलं. माझ्यासारखं करू नगा. तिनं ते इंग्रजीत लिहिलं, तपासलं आणि पाठवून दिलं. त्यात कुठंही चूक नव्हती.